कोकणातल्या जमिनीची वर्षभर देखभाल करून देणारी सेवा : एका वर्षानंतरचे परीक्षण

नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कोकणी कुटुंबांच्या गावाकडच्या जमिनी वर्षभर सांभाळून देण्याचा व्यवसाय अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात दिसू लागला आहे. अशाच एका सेवेचे आम्ही गेले वर्षभर ग्राहक होतो. संगमेश्वर तालुक्यातील आमची वडिलोपार्जित जमीन म्हणजे साडेचार एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन); तीत काजूची जुनी-नवी झाडे, थोडे हापूस, बरेच रायवळ, वरच्या अंगाला कातळाचा सडा (खडकाळ पठार) आणि खालच्या अंगाला पऱ्याकाठची (ओढ्याकाठची) काही भातखाचरे. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत आणि त्यांतला एकही खातेदार गावात राहत नाही. वडील होते तोवर ते दर हंगामात स्वतः जाऊन सर्व पाहत असत. ते गेल्यावर वारस नोंदीने माझे आणि माझ्या बहिणीचे नाव लागायचे होते, आणि जमीन पाहायची कोणी हा प्रश्न चुलत भावंडांच्या बैठकीत आला, तेव्हा ही सेवा घेण्याचे ठरले.

सेवेचे नाव येथे देत नाही. मोजक्या माणसांचा हा व्यवसाय आहे, आणि खाली ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्यांचा फटका त्याला त्या तक्रारींच्या योग्यतेपेक्षा जास्त बसू नये असे वाटते. शिवाय ज्या गोष्टी येथे तपासल्या आहेत त्या अशा कोणत्याही सेवेकडे मागता येण्याजोग्या आहेत.

कराराचे तीन भाग होते. पहिला भाग जमिनीच्या देखभालीचा : हद्द, कुंपण, बेणणी (तण-झुडपे काढणे), जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत जाळून मोकळा केलेला पट्टा), काजू-आंब्याची राखण आणि विक्री. दुसरा भाग कुटुंबासाठी ऋतुमानाप्रमाणे आखलेल्या निसर्गफेऱ्यांचा. तिसरा भाग वर्षातून एखादा कौटुंबिक कार्यक्रम गावच्या घरी किंवा जमिनीवर करायचा झाल्यास त्याच्या व्यवस्थेचा. वार्षिक शुल्क एका गड्याच्या साधारण तीन महिन्यांच्या मजुरीइतके होते. प्रत्यक्ष कामाची मजुरी, खते आणि वाहतूक यांचा हिशेब वेगळा द्यावा लागे. केवळ देखरेखीसाठी हे शुल्क प्रथमदर्शनी जास्त वाटते, आणि अकरा जणांत वाटले गेले नसते तर आम्हाला ते परवडलेही नसते.

सुरुवात मे महिन्यात हद्दफेरीने झाली, आणि ती उत्तम झाली. सेवेचा गावातला माणूस, ज्याला सर्वजण आप्पा म्हणतात, त्याने चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी निरोप धाडून बोलावले होते. जुना गडगा (हद्दीची रचीव दगडी भिंत) जिथे ढासळला आहे तिथे दगड कोणाच्या अंगाला पडले आहेत, पऱ्याने काठ कुठे खाल्ला आहे, सामाईक बांधावरचा फणस कोणाचा, अशा गोष्टी शेजाऱ्यांच्या समक्ष बोलल्या गेल्या आणि वहीत लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या गेल्या. या वहीला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच हवी, हेही त्यांनी आपणहून सांगितले. दूर राहणाऱ्या मालकांची जमीन एकदम कोणी बळकावत नाही. गडगा दरवर्षी हातभर सरकतो, आणि सरकताना पाहणारा कोणी नसतो. वर्षातून एकदा सर्वांच्या देखत फिरणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. शेजारच्या एका कुटुंबाशी वडिलांच्या काळापासून असलेला वाटेचा वाद या फेरीत मिटला नाही, पण निदान वाट कुठून कुठे जाते याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत झाले.

दुसरा चांगला निर्णय कवळाबाबतचा, म्हणजे भाजण्यासाठी तोडायच्या फांद्यांबाबतचा. दाढ (भाताची रोपे करायची जागा) भाजण्यासाठी वाडीतली माणसे आमच्या ऐनाच्या फांद्या कित्येक वर्षे तोडून नेत आली आहेत. आमच्यापैकी काहींचे मत असे होते की आता जमीन ‘सांभाळायला’ दिली आहे तर हे बंद व्हावे. सेवेने याला स्पष्ट विरोध केला. कवळ कोणत्या झाडांचे तोडायचे आणि कोणती झाडे वाढू द्यायची एवढे वाडीशी ठरवून घ्यावे; बंदी घातली तर वणव्याच्या दिवशी विझवायला कोणी येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भातखाचरांचेही तसेच. स्वतः भात लावण्याचा तोट्यातला खटाटोप न करता ती शेजाऱ्याला लावायला दिली, त्यामुळे बांध शाबूत राहिले आणि आम्हाला गौरी-गणपतीच्या सुमारास घरच्या जमिनीतल्या जुन्या वाणाच्या लाल तांदळाचे आश्वासन व दिवाळीनंतर प्रत्यक्ष तांदूळ मिळाला.

पावसाळ्यातील इतर कामांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. घराच्या कौलांची डागडुजी वेळेवर झाली, पऱ्याकडेचे बेडे (कुंपणाचे कवाड) बदलले, नव्या काजूच्या आळ्यांना खत घातले गेले. जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या काळात जमिनीवर मोठे काम काढू नये हे त्यांना कळते.

खरा मतभेद ऑक्टोबरात झाला. पाऊस ओसरल्यावर कमरेएवढे गवत उभे असते, आणि यंत्राने ते सरसकट कापून ‘स्वच्छ’ जमिनीची छायाचित्रे मालकाला पाठवणे हा या व्यवसायातील सर्वांत सोपा आणि सर्वांत दिखाऊ भाग आहे. आमच्याकडेही तसाच बेत होता. परंतु त्या गवतातच ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ यांची आपोआप उगवलेली रोपे असतात. गवत कापण्याच्या यंत्राचे फिरते पाते त्यांत आणि रानमोडीत (बाहेरून येऊन माजलेल्या झुडपात) फरक करत नाही. दरवर्षी अशी सफाई होणाऱ्या डोंगरावर वीस वर्षांनीही झाड दिसत नाही, आणि मग तिथे पावसाळ्यात समारंभाने रोपे लावली जातात. आमच्या सांगण्यावरून आप्पांनी दोन बायकांना घेऊन आधी रोपांना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधल्या, आणि मगच यंत्र फिरले. रानमोडी मात्र मुळासकट उपटायला लावली. या कामाची मजुरी साध्या कापणीच्या जवळजवळ दुप्पट झाली, हे नोंदवले पाहिजे. सेवेच्या पुढच्या वर्षीच्या दरपत्रकात हा प्रकार वेगळे काम म्हणून आला आहे, म्हणजे आमच्याशिवाय आणखी कोणी तरी ते मागितले असावे.

जाळरेषेचे काम नोव्हेंबर-डिसेंबरात झाले. हद्दीच्या कडेने गवताचा पट्टा कापून, ते गवत ओढून मध्ये घेऊन, पहाटेच्या दवात, माणसे उभी करून, हिरव्या डहाळ्या हाताशी ठेवून ते जाळायचे, अशी ही पद्धत आहे. ती त्यांना चांगली येते. कोकणातले वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात : कुठे भाजावळीची आग सुटते, कुठे गवत चांगले येते या समजुतीने डोंगर पेटवला जातो, कुठे शिकारीसाठी, कुठे विडीच्या थोटकाने. फेब्रुवारी ते मे या काळात वाऱ्याची दिशा दुपारनंतर बदलली की आग एका वाडीची दुसऱ्या वाडीवर येते.

आमच्याकडे ती एप्रिलमध्ये आली. दोन बाजूंना जाळरेषेशी येऊन ती थांबली, आणि वाडीतली माणसे खरोखरच धावून आली. परंतु सड्याच्या बाजूला जाळरेषा काढलेली नव्हती. कातळावर गवत आखूड आणि विरळ, तिथे आग काय धरणार, असा सेवेचा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या आखूड वाळक्या गवतावरून आग पायी चालणाऱ्या माणसापेक्षा वेगाने सरकली आणि काजूची वरची ओळ होरपळली. काही झाडांना पावसाळ्यानंतर फूट येईल, काही गेली. सेवेने कारण सांगण्यात वेळ घालवला नाही, विझवण्याच्या कामाची मजुरी आमच्याकडून घेतली नाही, आणि पुढील वर्षी सड्याच्या कडेची जाळरेषा शुल्कातच करून देण्याचे लिहून दिले. ही वागणूक चांगली आहे. तरीही सडा अख्ख्या तालुक्यात आहे आणि तिथून आग येते हे स्थानिक माणसांना ठाऊक असायला हवे होते, असे मी म्हणेन.

याहून गंभीर दोष मात्र छायाचित्रांचा आहे. दर पंधरवड्याला भ्रमणध्वनीवर जमिनीची छायाचित्रे येत. पावसाळ्यातली हिरवी, थंडीतली सोनेरी, काजूच्या मोहोराची, आंब्याच्या लालसर पालवीची. ती पाहून सर्व कुटुंब खूश होई. त्यात झाडाचा माथा दिसे, बुंधा दिसत नसे. काजूचा सर्वांत मोठा शत्रू रोठा, म्हणजे खोड आणि मूळ पोखरणारी अळी. ती लागली की बुंध्याशी जमिनीलगत लाकडाचा भुसा आणि डिंक दिसू लागतो. त्या वेळी पटाशीने साल मोकळी करून अळी काढून मारली तर झाड वाचते, पण पाने पिवळी पडेपर्यंत थांबले तर बहुधा वाचत नाही. आमच्या जुन्या काजूतली चांगल्या उत्पन्नाची काही झाडे अशी गेली. जानेवारीत माझा चुलतभाऊ सहज बागेत फिरत असताना त्याला भुसा दिसला, तेव्हा ते उघडकीस आले. त्याआधीच्या प्रत्येक पंधरवड्याच्या अहवालात त्याच झाडांपुढे ‘स्थिती उत्तम’ असे लिहिलेले होते, आणि माथ्याकडे पाहिले तर ते खोटेही नव्हते.

हा दोष माणसांच्या आळसाचा नाही, अहवालाच्या रचनेचा आहे. मालक दूर आहे, त्याला दिसेल असे काही तरी पाठवायचे आहे, मग जे छायाचित्रात चांगले दिसते तेच काम ठरते. आप्पांना रोठा ओळखता येत नव्हता असे मुळीच नाही. त्यांनी कलमांच्या बुंध्यांना डांबर लावण्याविषयी एकदा सुचवलेही होते. पण ज्या तरुणाकडे छायाचित्रे काढण्याचे आणि तक्ते भरण्याचे काम होते त्याच्या तक्त्यात बुंध्याचा रकानाच नव्हता. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र यांचे काजूविषयीचे मराठी साहित्य सहज उपलब्ध आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक बुंधा वाकून पाहावा एवढी साधी गोष्ट तक्त्यात घालायला फार विद्वत्ता लागत नाही.

काजूच्या विक्रीचा हिशेब मात्र चोख होता. आमच्याकडे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ अशी दोन्ही जातींची कलमे आहेत. सातचे बी मोठे, सुमारे दहा ग्रॅमचे, आणि व्यापारी ते वेगळे मागतो. सेवेने बी झाडावरून न तोडता पडलेलेच गोळा केले, उन्हात वाळवले, जातीप्रमाणे वेगळे ठेवले आणि दोन व्यापाऱ्यांचे भाव कळवून मग विकले. वडिलांच्या पश्चात पहिल्याच हंगामात आम्ही बाग खंडाने, म्हणजे ठरावीक रकमेवर, देऊन टाकली होती, त्यापेक्षा हातात जास्त पैसे आले. आंब्याचे वर्ष मुळात कमी मोहोराचे होते, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. वानरांपुढे त्यांचेही काही चालले नाही.

आता लाकडाविषयी. हिवाळ्यात एक लाकूडव्यापारी येऊन उभ्या झाडांचा सौदा करू पाहत होता, आणि सेवेच्या चालकांनी तो प्रस्ताव आमच्यापर्यंत पोचवला. वर एक शिफारसही जोडली : काही जुने ऐन, किंजळ आणि पऱ्याकाठचा पोकळ झालेला बेहडा विकल्यास दोन वर्षांचे शुल्क निघेल. ऐन आणि किंजळ ही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतली झाडे आहेत, खाजगी जमिनीवरही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी काढून देण्याची तयारी व्यापाऱ्याने दाखवली होती. देखभालीचे शुल्क देखभालीच्या वस्तूमधूनच वसूल करण्याची ही सूचना मला मुळीच आवडली नाही, आणि एखादी सेवा अशी शिफारस करत असेल तर तिला व्यापाऱ्याकडून काही मिळते का, हे ग्राहकाने सरळ विचारावे. आम्ही विचारले. नाही असे उत्तर आले, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण मला दिसले नाही. तरीही करारात आता तसे कलम घातले आहे.

बेहडा वाचला तो आप्पांमुळे. “ताई, बेहडा ठेवा. ह्याच्यात ककणेर बसतंय,” एवढेच ते म्हणाले. ककणेर म्हणजे धनेश. मादी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, आतून भोक लिंपून घेते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर बारीक फटीतून तिला उंबर-वडाची फळे आणून भरवतो. ढोली चांगली असली तर तीच जोडी तिथे वर्षानुवर्षे येते. अशी ढोली पडायला झाड खूप जुने व्हावे लागते, आणि लाकडाच्या दृष्टीने नेमके तेच झाड निरुपयोगी म्हणून आधी तोडले जाते. मार्चमध्ये आम्ही तिथे लांबून बसून नराच्या फेऱ्या पाहिल्या. निसर्गफेऱ्यांच्या यादीत ही फेरी नव्हती, तिचे वेगळे पैसे लागले नाहीत, आणि वर्षभरातली ती सर्वांत चांगली ठरली.

यादीतल्या फेऱ्यांबद्दल माझे मत संमिश्र आहे. जुलैतली सड्याची फेरी अप्रतिम होती. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका तज्ज्ञाला त्यांनी सोबत आणले होते. आमच्याच हद्दीतल्या आणि लगतच्या सड्यावर, पावसाच्या सरी अंगावर घेत, आम्ही दीपकाडी पाहिली. कातळाच्या भेगांतल्या इंचभर मातीत कंद धरून राहणारी, पांढऱ्या फुलांची ही वनस्पती कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर जवळजवळ आढळत नाही. सप्टेंबरात पुन्हा गेलो तेव्हा त्याच जागी सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा यांचे पट्टे होते. सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव मुळाजवळच्या पिशव्यांत पकडून खाते हे ऐकून मुले तासभर चिखलात पालथी पडली होती. सातबाऱ्यावर हा सडा पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून लिहिलेला आहे, आणि तो चिरेखाणीला भाड्याने द्यावा असा विचार आमच्याच कुटुंबात गेली काही वर्षे बोलला जात होता. जांभ्याचा चिरा काढला की खाली उरतो तो चौकोनी खड्डा. सड्यावरून मुरून पऱ्याला येणारे पाणी आणि वरची फुले दोन्ही जातात. या फेरीनंतर त्या विषयावरचे मतदान बदलले. सर्वांचे बदलले असे नाही, पण पुरेशा जणांचे बदलले. एखाद्या सहलीचा जमिनीच्या व्यवहारावर इतका सरळ परिणाम होईल असे मला वाटले नव्हते, आणि सेवेने ही फेरी ‘पावसाळी सहल’ म्हणून विकण्याऐवजी जमीनमालकांसाठी सक्तीची करावी असे माझे मत आहे.

देवरहाटीतली (देवाच्या नावाने राखलेल्या रानातली) फेरी आणि उक्षीच्या कातळशिल्पाची फेरी या दोन्ही चांगल्या होत्या. उक्षीच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेला मोठा हत्ती आहे आणि ग्रामस्थांनी त्याभोवती जांभ्याचे कुंपण व पाहण्याची सोय केली आहे. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. उक्षीला कोकण रेल्वेचे स्थानक असल्याने वृद्ध मंडळींनाही येता आले. देवरहाटीत मात्र मार्गदर्शकाने फारच बोलून घेतले; तिथे चप्पल काढून थोडा वेळ गप्प उभे राहिले असते तरी चालले असते.

वेळासची कासवांची फेरी ही चुकीची निवड होती, आणि यात वेळासचा काहीच दोष नाही. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण उभे केले, पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला, गावातल्या घरांतून पाहुण्यांची सोय होऊ लागली आणि आज ते सर्व अतिशय शिस्तीने चालते. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पिल्ले बाहेर आली असतील तर ती वाळूवरून स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जाऊ देतात, आणि लोकांनी दोरीमागे उभे राहायचे असते. पण संगमेश्वराहून मंडणगड म्हणजे जिल्ह्याचे दुसरे टोक. लहान बाळ आणि ऐंशीच्या घरातली आत्या यांना घेऊन घाटवळणांचा तो प्रवास एका मुक्कामात करायला लावणे म्हणजे यादीत नामांकित ठिकाण असावे एवढ्यासाठी केलेला अट्टाहास होता. गुहागरच्या किनाऱ्यावरही घरटी होतात आणि तो कितीतरी जवळ आहे. आम्हाला पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू दिसले नाही, दुसऱ्या सकाळी दिसली, यात तक्रारीसारखे काही नाही. अंडी आपल्या सहलीचे वेळापत्रक पाहून उबत नाहीत. परंतु ‘कासवांची पिल्ले पाहा’ असे छापील आश्वासन सेवेने देऊ नये.

तिसरा भाग कौटुंबिक कार्यक्रमांचा, आणि तो सर्वांत कच्चा आहे. या वर्षात आमच्याकडे वडिलांचे वर्षश्राद्ध, पुतणीच्या मुलाचे बारसे आणि आत्याचे सहस्रचंद्रदर्शन असे प्रसंग आले. वर्षश्राद्धाची व्यवस्था साधी आणि नेटकी झाली, कारण ती गावातल्याच भटजींनी आणि आप्पांच्या घरच्या बायकांनी केली. बारशाला मात्र सेवेच्या चालकांनी आपला नेहमीचा थाट मांडला : अंगणात रंगीत दिव्यांच्या माळा, ध्वनिक्षेपक, आणि बाळाच्या नावाचा पत्रा लावलेले एक विदेशी शोभेचे झाड. आमच्या डोंगरावर न लावता उगवलेली ऐन-किंजळाची शेकडो रोपे चिंध्या बांधून उभी असताना रोपवाटिकेतले झाड विकत आणून लावण्याचे प्रयोजन मला कळले नाही. बाळाच्या आजीने तो पत्रा काढून एका आपोआप आलेल्या कुंभ्याला बांधला, आणि विकतचे झाड सेवेच्या गाडीतून परत गेले. त्याचे पैसे बिलातून वजा व्हायला दोन महिने लागले.

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही त्यांना फक्त जेवणाची आणि गाड्यांची व्यवस्था पाहायला सांगितले, आणि ती उत्तम झाली. त्याच दिवशी दुपारी, जेवणे उरकल्यावर, वर्षभराच्या हिशेबाची वही सर्व खातेदारांपुढे वाचली गेली. जमा, खर्च, कोणत्या झाडाचे काय झाले, वणव्यात काय गेले, खंडाने दिले असते तर काय मिळाले असते, असे सर्व त्यात होते. सामाईक जमिनीत पैशांपेक्षा संशय जास्त पिकतो. जो भाऊ गावी जातो तो खातो असे न जाणाऱ्याला वाटते, आणि जो जातो त्याला आपण फुकट राबतो असे वाटते. तिऱ्हाइताने लिहिलेली वही समोर आली तेव्हा निदान या वर्षापुरते दोघांनाही बोलायला काही उरले नाही. बडोद्याचा चुलतभाऊ, जो सेवेच्या विरोधात होता, त्याने त्याच बैठकीत आपला वाटा भरला. माझ्या मते शुल्काचा निम्मा मोबदला या वहीतच वसूल झाला.

कागदपत्रांबाबत थोडे. ई-पीक पाहणीत खातेदाराने आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करायची असते आणि शेतात उभे राहून छायाचित्र जोडावे लागते. पुण्यात बसून हे होत नाही. सेवेने हंगामाची मुदत आठवणीने कळवली आणि आमच्यापैकी जो गावी होता त्याच्याकडून नोंद करवून घेतली. वारस नोंदीच्या फेरफारात मात्र त्यांचा काही उपयोग झाला नाही. मुलींची नावे ‘नंतर लावू’ असा सल्लाही त्यांच्याकडून आला होता. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला आणि देशभर २००५ मध्ये. देखभाल करणाऱ्याने या विषयात सल्ला न देणे बरे.

एक गोष्ट करारात लिहिलेली नव्हती तरी वर्षाच्या वहीत तिला रकाना आहे. जमिनीच्या राखणदाराला, म्हणजे ती राखणाऱ्या स्थानिक देवाला, द्यायची राखण आप्पांनी नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या ठिकाणी, आमच्या नावाने दिली आणि नारळाचे पैसे खर्चात टाकले. हिशेब तपासताना कोणीही त्या रकमेवर बोट ठेवले नाही.

ज्यांचे कोणीच वर्षातून दोन-तीनदाही गावी जाऊ शकत नाही, त्यांनी ही सेवा घेऊ नये असे मी सांगेन. रोठ्यासारखी गोष्ट अहवालातून कळत नाही, आणि मालक येत नाही हे एकदा ठरले की लाकडाच्या शिफारशी वाढतात. ज्यांची जमीन लहान आणि घरालगतची आहे त्यांनाही गावातल्या एका विश्वासू माणसाला पगारी ठेवणे स्वस्त पडेल. सामाईक, विखुरलेली, वरकस जमीन आणि विखुरलेले खातेदार अशी स्थिती असेल तर मात्र ही सेवा विचार करण्याजोगी आहे.

आम्ही करार आणखी एक वर्षासाठी वाढवला आहे. कार्यक्रमांचा भाग वगळला, वेळासऐवजी गुहागर घेतले, सड्याची जाळरेषा आणि बुंध्यांची मासिक तपासणी लिहून घेतली, उभ्या झाडांच्या सौद्यात सेवेला कोणतेही कमिशन नसेल असे कलम घातले, आणि छायाचित्रे पंधरवड्याऐवजी महिन्यातून एकदाच पाठवावीत असे ठरवले. आप्पा वर्षाच्या मध्येच काम सोडून गेले तर उरलेले शुल्क परत मिळावे, ही आमची मागणी चालकांनी अजून मान्य केलेली नाही. तिच्यावर बोलणी चालू आहेत.